दरडीवर चौदा

आमच्या घरी चहाच्या आधी पतंग मोजले जायचे. लोकांच्या घरी सकाळ होते ती म्हशीच्या धारेनं, रेडिओनं, नाहीतर शेजारणीच्या भांडणानं. आमच्याकडे मागच्या भिंतीवर मायचं जयंतीला नेसायचं, आता विरलेलं पांढरं पातळ खिळे ठोकून ताणलेलं असायचं. त्याच्यापुढं दिवा. आणि उजाडता उजाडता, म्हणजे कोतवाल पक्षी येऊन न्याहारीला बसायच्या आत, त्या पातळावर बसलेले पतंग मोजून व्हायला पाहिजेत असा बाबांचा कायदा होता. मायला या पातळाचा भारी राग. "लोकाच्या बाया लुगडे नेसतेत, माह्यं लुगडं किडे नेसतेत," असं ती रोज म्हणायची, आणि रोज संध्याकाळी तेच पातळ झटकून, सुरकुत्या काढून, स्वतःच्या हातानं भिंतीवर लावायची. वरणात पतंग, हंड्यात पतंग, उशीवर पतंग. टसरचा मोठा पतंग आला, तळहाताएवढा, पंखांवर चार गोल डोळे असलेला, की मात्र ती चूल सोडून पाहायला यायची, आणि म्हणायची, हा पाहुणा आहे, याला मोजा पण डबीत घालू नका.

आमचं घर म्हणजे प्राणहितेच्या काठावरचं निरीक्षण केंद्र. तीन खोल्या, वर पत्रे, अंगणात सागाच्या खांबांवर उभं केलेलं मचाण, आणि मचाणावर तिपायीवर बसवलेली लांब दुर्बीण. बेज्जूरच्या जंगलातून बैलगाडीची वाट संपते तिथं नदी एक मोठं वळण घेते, आणि त्या वळणावर उभी दरड होती. दरडीच्या कपारींत गिधाडं राहायची. हैदराबादच्या एका संस्थेनं ती गिधाडं, काठावरची बाकीची पाखरं आणि दिव्यावर येणारे पतंग रोज मोजायला हे केंद्र काढलं होतं, आणि मोजणारा माणूस म्हणून माझ्या बाबांना ठेवलं होतं. काशीनाथ त्यांचं नाव. आजूबाजूच्या वाड्यांवरचे लोक केंद्राला 'पाखरांची कचेरी' म्हणायचे, बाबांना मास्तर म्हणायचे, आणि आमची मनसोक्त थट्टा करायचे. "आज किती पाखरं हाजीर, किती गैरहाजीर?" असं बाजारात कोणी विचारलं की मी जमिनीत जायची. बाबा मात्र उभे राहून खरंखुरं उत्तर द्यायचे.

बाबा मूळचे तामसीकडचे. आजा जन्मभर दुसऱ्याच्या कापसात राबला. बाबा घरातले पहिले शिकलेले. तहसिलीत नकला करायच्या कामावर काही वर्षं होते, तिथं त्यांचं अक्षर पाहून हैदराबादच्या सरांनी त्यांना उचललं. त्या कचेरीतून बाबांनी दोन गोष्टी आणल्या: एक मोत्यासारखं अक्षर, आणि दुसरी रजिस्टरातल्या शेवटच्या रकान्याला 'कैफियत' म्हणायची सवय. तारीख, वार, हवा, पाखराचं नाव, किती, आणि शेवटी कैफियत. 'पतंग ओला होता, उडाला नाही.' 'टिटवी ओरडली, दिसली नाही.' अशा कैफियती. रकाना कोरा सोडायचा नाही. नाही दिसलं तर शून्य लिहायचं. धुकं असलं तर 'धुकं, मोजता आलं नाही' असं लिहायचं. अंदाज म्हणून काही लिहायचं नाही, मेलं तरी. "आपल्या बापजाद्याचं नाव कोनं कुठं लिवलं नाई," ते म्हणायचे. "आता लिवाचं काम आपल्या हाती आलं. तं खोटं लिवाचं नाई." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की मी भांडी घासायला निघून जायची. ऐकून ऐकून कान किटले होते, खरं सांगायचं तर.

मी तेव्हा सतरा-अठराची. आदिलाबादच्या वसतिगृहात राहून इंटरला होते आणि तेलुगूच्या पेपरात आपटले. एका विषयासाठी वर्ष गेलं. तोंड फुगवून घरी आले आणि बघते तर घरात निराळंच काही चाललेलं. बाबा पतंग मोजताना पातळाला नाक लावायचे. अगदी नाक. पतंग त्यांच्या भुवईवर चढून बसायचे आणि तेही त्यांना कळायचं नाही. जेवताना चटणी कुठं आहे ते हातानं चाचपायचे. मला आधी हसू आलं. मग मायच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसू गेलं. रात्री नाही, भर दुपारी, भाकरी थापता थापता तिनं सांगितलं. आदिलाबादच्या डॉक्टरनं डोळ्यात उजेड टाकून पाहिलं होतं. मोतीबिंदू असता तर काढला असता. हे तसं नव्हतं. डोळ्यामागची नस वाळली होती, औषध नव्हतं, ऑपरेशन नव्हतं. जवळचं थोडे दिवस दिसेल, लांबचं गेलं ते गेलं.

"सरायले सांगतलं?" मी विचारलं.

"काय सांगू वं? का बापू, तुमचा पाखरं पाह्यनारा आंधळा झाला?" मायनं भाकरी तव्यावर आपटली. "डोळ्याचं काम हाये ते. सांगतलं का उठवलं आपल्याले. कुठं जातो मंग? तुह्या आज्याच्या कापसात?"

म्हणजे प्रश्न असा होता. हैदराबादला कळलं तर बाबांचं काम जाणार, आणि काम गेलं तर बाबांचं काय उरणार ते मला ठाऊक होतं. पण बाबांचे कान शाबूत होते, आणि ते कान म्हणजे चमत्कार होता. पहाटे ओट्यावर मांडी घालून डोळे मिटून बसायचे. "कोतवाल दोन. तांबट एक, नदीपल्ल्याड, म्हनजे महाराष्ट्रातला. हळद्या. सातभाई, सात नाई, नऊ हायत, भांडून राह्यले." मी दुर्बिणीतून ताडून पाहायची आणि नऊच निघायचे. पतंगांना नाक लावून जमत होतं. अडत होतं एकाच ठिकाणी. गिधाड बोलत नाही. दरडीवर बसतं, पंख पसरून ऊन खातं, वर चढतं, उतरतं, आणि एवढ्या सगळ्यात तोंडातून हूं की चूं नाही. ती गिधाडं लांब होती, मुकी होती, आणि बाबांना दिसत नव्हती. म्हणून गिधाडं माझ्याकडं आली.

पहिले काही महिने मी खरोखर मोजत होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही. सकाळी सूर्य दरडीवर पडला की मचाणावर चढायची, दुर्बिणीला डोळा लावायचा, डावीकडून उजवीकडं कपारी मोजत जायचं, मग उजवीकडून डावीकडं. दोन्ही आकडे जुळले की खाली ओरडायचं. "चौदा!" बाबा ओट्यावर बसून लिहायचे. पिंपळाच्या मुळाखाली तीन, वरच्या लांब कपारीत पाच, असं कुठं कोण बसतं ते त्यांना पाठ होतं, जेवायला बसलेल्या घरच्या माणसांसारखं. मी म्हटलं की पिंपळाखाली आज दोनच, तर म्हणायचे, तिसरं येईल, त्याला उशिरा उठायची सवय आहे. आणि यायचं.

मग ती कमी व्हायला लागली. बारा झाली. अकरा झाली. एक मान खाली घालून तीन दिवस एकाच जागी बसलेलं मी पाहिलं, जणू पेंगत होतं, आणि चौथ्या दिवशी ते कपारीत नव्हतं. आज सगळ्यांना माहीत आहे की ढोरांना टोचायचं एक दुखण्याचं औषध मेलेल्या ढोरातून गिधाडांच्या पोटात जात होतं. तेव्हा आम्हाला काय ठाऊक? ढोर मेलं की ओढत नेऊन माळावर टाकायचं आणि गिधाडांनी ते साफ करायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यात वाईट काय असणार? बाबांना वाटलं मीच नीट मोजत नाही.

"पुन्हा मोज."

"मोजलं बाबा. अकरा."

"तुहं ध्यान कुठं असते? पुन्हा मोज."

चार चार वेळा वर चढायची. पायऱ्यांनी गुडघे दुखायचे. नऊ झाली त्या दिवशी बाबांनी लिहिलं नाही. दौत उघडी ठेवून तसेच बसले. म्हणाले, "नऊ नाई होऊ शकत. माह्ये डोळे असते तं मी दाखवले असते तुले चौदा." मग त्यांनी लिहिलं नऊ, कारण कायदा तो कायदा. पण त्या दिवशी जेवले नाहीत. अंबाडीची भाजी त्यांच्या जिवाची, ती ताटात गार झाली. दुसऱ्या दिवशी आठ. जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी मचाणावरून उतरले तेव्हा माय चुलीशी होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "चौदा सांग."

"काऊन?"

"काऊन मंजे? जेवू दे त्याले. खरं सांगून कोनाचं पोट भरलं वं आजलग?"

मायवर ढकलत नाहीये मी. ती चुलीपाशी बोलली, ओट्यावर जाऊन खोटं बोलले ती मी. एकदम चौदा म्हटलं असतं तर बाबांना शंका आली असती, एवढी अक्कल मला होती. नको तिथं माझं डोकं फार चालतं. मी म्हटलं, "बाबा, दहा! पाठीमागच्या कपारीत दोघं होते, मले काल दिसलेच नाई." बाबांचं तोंड असं उजळलं की काय सांगू. "मी म्हनत होतो!" ते म्हणाले. "मी म्हनत होतो ना तुले!" त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि वर कण्या. पुढच्या दहा-बारा दिवसांत मी त्यांना हळूहळू चौदांवर आणून ठेवलं, आणि तिथून हलवलं नाही.

एकदा चौदा म्हटल्यावर माघार कुठून घेणार? रोज सकाळी वाटायचं, आज सांगावं. मग बाबा ओट्यावरून विचारायचे, "पिंपळाखालचं उशिरा उठनारं आलं का?" आणि मी म्हणायची, "आलं बाबा." खालून दौतीत टाक बुडवल्याचा आवाज यायचा. खरी गिधाडं सहा होती, मग चार. मी एक वेगळी वही करून त्यात खरे आकडे लिहू शकले असते. आज हे सुचतं. त्या वयात ते सुचलं नाही, कारण खरे आकडे मला स्वतःलाच पाहायचे नव्हते.

एकदा पोशन्ना आला. पोशन्ना नदीत जाळं टाकायचा, आमच्याकडं मासे द्यायचा आणि चहा पिऊन जायचा. घरात तेलुगू, आमच्याशी मोडकी मराठी. दरडीकडं हात करून त्यानं विचारलं, "राबंदुलु एवी, मास्तर? दिसत नाई." राबंदू म्हणजे गिधाड, गिधाडं कुठं गेली असं तो विचारत होता. मी चहा गाळत होते, हात तसाच राहिला. वाटलं, सुटले. हा सांगून टाकील आणि मी सुटेन. बाबा मोठ्यानं हसले. "अरे, तू पान्यात पाह्यनारा मानूस. तुले मासे दिसतेत, गिधाडं काय दिसनार? रजिस्टरात चौदा हायत. माह्या पोरीनं सकाळीच मोजले." पोशन्नानं माझ्याकडं पाहिलं. मी चहा पुढं केला. त्यानं बशीत ओतून मुकाट्यानं प्यायला आणि मासे ठेवून गेला. गरीब माणूस, लिहिलेल्या आकड्यापुढं काय बोलणार!

दर महिन्याला रजिस्टराची नक्कल हैदराबादला टपालानं जायची. नक्कल मी करायची, बाबा खाली नाक टेकवून सही करायचे. पावसाळा सरता सरता सरांचं पत्र आलं. बाबांनी ते दारातल्या उजेडात नेऊन, कागद नाकाला लावून, ओळ ओळ वाचलं आणि मायला हाक मारली. सरांनी लिहिलं होतं की देशभरातून वाईट बातम्या येत आहेत, जिथं शेकड्यांनी गिधाडं होती तिथं एक उरलेलं नाही, आणि का ते कोणाला समजत नाही. फक्त तुमच्या दरडीवर आकडा टिकून आहे. दोन जाणकार पाहुण्यांना घेऊन मी येतो आहे. तुमच्या इथं काय वेगळं आहे ते आम्हाला पाहायचं आहे.

"सगळीकडं मरून राह्यले," बाबा म्हणाले. "आन् आपल्या दरडीवर चौदा. ऐकलं का वं? आपल्या दरडीवर."

मायनं माझ्याकडं पाहिलं. मी मायकडं. त्या दिवशी दरडीवर एकही नव्हतं.

पत्र आल्यापासून सर येईपर्यंत मध्ये आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी तीन वेळा सांगायला गेले. एकदा बाबा सरांसाठी सदऱ्याला बटण लावत होते, स्वतःच, सुईत दोरा ओवायला पाव तास लागला तरी मला देईनात. एकदा ते पोशन्नाला सांगत होते की हैदराबादहून लोक येऊन राह्यले, मोठे मासे आण. तिसऱ्यांदा तर मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "बाबा, एक सांगाचं होतं." ते म्हणाले, "सांग ना बाई." आणि मी म्हटलं, परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे. असली मी शूर. रोज दरडीकडं बघून मनातल्या मनात हात जोडायची, एक येऊ दे, एक तरी येऊ दे, निदान एकाला बोट दाखवता येईल. आमच्यात नवस बोलत नाहीत. मी चोरून बोलले. काही आलं नाही.

सर सकाळी जीपनं आले. काटक, पांढऱ्या दाढीचे, सगळ्यांशी हैदराबादी हिंदीत बोलायचे. बरोबर एक बाई आणि एक बाप्या, दोघांच्या गळ्यात दुर्बिणी. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बाबांना मचाणाच्या पायऱ्या पाठ होत्या, सरसर चढले. कोणाला काही कळलं नाही. मीही मागोमाग चढले. खाली माय कोंबडीचा रस्सा करत होती, मसाल्याचा वास वरपर्यंत येत होता. ऊन दरडीवर स्वच्छ पडलं होतं. एक टिटवी खाली वाळूत ओरडत होती.

"दिखाओ भई काशीनाथ, तुम्हारे मेहमान," सर म्हणाले.

बाबांनी कठड्याला एक हात धरला आणि दुसरा पुढं केला. "वो देखो साब. पीपल की जड के नीचे तीन. उसमें एक देर से उठता. ऊपर लंबी कपार में पाँच. उसके बाजू में जोडा है, घोंसलेवाला. बाकी के चार उजवे हाथ कू, पीछे." हात एका कपारीवरून दुसऱ्या कपारीवर बरोबर जात होता, एक बोटभरही चूक नव्हती. पाहुण्यांच्या दुर्बिणी त्या हाताच्या मागं मागं फिरत होत्या. पिंपळाच्या मुळाखाली पांढरी वाळलेली शिट होती, आणि लांब कपारीत गवत हलत होतं.

बाईंनी दुर्बीण खाली केली आणि सरांकडं पाहिलं. सरांनी मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, परत आणली. मग बाबांकडं पाहत राहिले. बाबा अजून हात पुढं करून उभे होते आणि हसत होते.

"काशीनाथ," सर हळूच म्हणाले, "तुम्हारी आँखों को क्या हुआ?"

"कुछ नहीं साब." बाबांचा हात खाली आला. "चौदा हैं साब. पोरीनं सकाळी मोजले." मग माझ्या दिशेनं, थोडं चुकून, कठड्याच्या खांबाकडं तोंड करून म्हणाले, "सुजाता, सांग सरायले. किती हायत?"

आज इतकी वर्षं मुलांना शिकवून, मुधोळच्या शाळेत पोरांना दम देऊन माझा आवाज खणखणीत झाला आहे, पण त्या दिवशी तो निघतच नव्हता.

"एकबी नाई बाबा."

"आज नाई का?"

"लय दिवस झाले."

बाबा वळले आणि उतरायला लागले. पाठ असलेल्या त्या पायऱ्या त्यांना सापडेनात. पायानं चाचपत, एक एक, सगळ्यांसमोर. सर पुढं होऊन हात द्यायला गेले तर म्हणाले, "नको साब." मी वरच उभी राहिले. मला खाली जाताही येईना आणि वर थांबताही येईना. सगळे जेवले. मायनं वाढलं, पाहुण्यांनी रस्सा चांगला आहे म्हटलं. सर रागावले नाहीत. जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

जीप गेली तेव्हा दुपार टळली होती. मला वाटलं आता बाबा मारतील. मारलं नव्हतं कधी, पण वाटलं. त्यांनी मला ओट्यावर बोलावलं, रजिस्टर उघडलं, लाल पेन्सिल घेतली आणि कागदाला नाक टेकवलं.

"बस. ही तारीख. दहा. खरं का खोटं?"

"खोटं."

त्यांनी आकड्यावर तांबडी रेघ ओढली. "किती होते?"

"आठ."

आठ लिहिलं. कैफियतीच्या रकान्यात लिहिलं, 'आधी चुकीचं लिहिलं, दुरुस्त केलं.' माझं नाव घातलं नाही. "पुढची. अकरा."

"सात. सात होते."

असं एक एक पान. मला आठवत होतं तेवढं मी सांगत गेले. बेज्जूरच्या बाजाराच्या दिवशी सहा. पोशन्ना आला त्या दिवशी चार. त्यानंतर तीन, मग एक दिवस पाऊस, मग दोन. मग एकच, नदीकडं पाठ करून बसलेलं. माय दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. बाबांचा आवाज चढला नाही की पडला नाही. पतंग मोजतात तसे तारखा मोजत होते.

"पुढची?"

"एक. मले वाटते एक."

"वाटते नको. पाह्यलं का?"

मी पान उलटलं.

"पुढची?"

"माहीत नाई."

"पुढची?"

"माहीत नाई बाबा."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "माहीत नाई मंजे? तू रोज वर चढत होती. माह्या कानानं ऐकलं, पायऱ्या वाजत होत्या."

मग ते सांगावं लागलं. सगळ्यात लाजिरवाणं तेच होतं, खोट्यापेक्षाही. एकटं उरलेलं ते गिधाड मला बघवेना, आणि नाहीतरी खाली जाऊन चौदाच सांगायचं होतं. म्हणून मी दुर्बिणीला डोळा लावणं सोडून दिलं. वर चढायची, आपल्या पायांकडं बघत शंभर आकडे म्हणायची आणि उतरायची. किती दिवस असं केलं तेही सांगता येईना. पत्र आलं त्या दिवशी घाबरून पुन्हा पाहिलं, तेव्हा दरड रिकामी होती.

बाबांनी पेन्सिल चाचपून पुन्हा हातात घेतली. नदीचा आवाज येत होता. मग म्हणाले, "बाकीचं जाऊ दे. एवढं सांग. शेवटचं कवा दिसलं?"

"माहीत नाई."

"आठव. कोन्या बाजाराच्या आंधी?"

"नाई येत आठवत, बाबा."

"ते गेलं," बाबा म्हणाले, "आन् ते गेलं म्हून कोनं लिवलं नाई." आणि माझ्या उभ्या जन्मात पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. डोळे दिसत नसले तरी त्यांना पाणी येतं, हे मला तेव्हा कळलं. मी पाय धरले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण दुसऱ्या हातानं रजिस्टराच्या त्या कोऱ्या झालेल्या रकान्यांवरून बोट फिरवत राहिले. मग एकेक करून सगळ्यांत लिहिलं, 'माहीत नाही.' सतरा वेळा लिहिलं. अक्षर त्यांनी पुन्हा कधी इतकं सुंदर काढलं नाही.

ते केंद्र दुसऱ्या वर्षी बंद झालं. सरांनी बाबांना काढलं नाही, बाबांनी स्वतःच राजीनाम्याचा कागद पाठवून दिला. आम्ही तामसीला आलो. बाबा ओट्यावर बसून पाखरं ऐकायचे आणि कोणालाच सांगायचे नाहीत. गिधाडांविषयी माझ्याशी पुन्हा एक शब्द बोलले नाहीत, चांगला नाही की वाईट नाही. खरं वेळेवर कळलं असतं तर ती वाचली असती का? बहुतेक नाही. सगळीकडचीच गेली. माझ्या खोट्यानं एकही गिधाड मेलं नाही, असं माझा मुलगा मला समजावतो, आणि मी हो म्हणते.

पण दोन-तीन वर्षांनी एखाद्या कॉलेजातली पोरगी कुठून तरी नंबर काढून फोन करते. हल्लीची ही मुलं मोठी चिकाटीची. म्हणते, मॅडम, जुनं रजिस्टर पाहिलं, त्या दरडीवरचं शेवटचं गिधाड नक्की कधी गेलं ते तिथं सापडत नाही, घरच्या कोणाला आठवत असेल का? मी म्हणते, नाही बाळा, कोणाला माहीत नाही. फोन ठेवते आणि बसून राहते. ते ज्या सकाळी उडून गेलं, त्या सकाळी मी मचाणावरच होते. दुर्बीण शेजारी होती, ऊन दरडीवर होतं, आणि मी आपल्या पायांकडं बघत शंभरापर्यंत मोजत होते.